भुंगेऱ्यांची साक्ष

(मेलेल्या जनावरावर येणारे कीटक आपल्याला किळसवाणे वाटतात. परंतु हेच कीटक मृत्यूचा काळ ठरवण्यास आणि निरपराध माणसाला वाचवण्यास कसे उपयोगी पडतात, याची माहिती या पाठात दिली आहे.)

जळगाव किंवा धुळ्याहून एखाद्या खेड्याकडे जाताना रस्त्याच्या कडेला मरून पडलेले जनावर तुम्ही पाहिले असेल. आपण नाकाला रुमाल लावतो आणि घाईघाईने पुढे जातो. पण तेथे कीटकांची मोठी ये-जा चाललेली असते. ही ये-जा वेडीवाकडी नसते. तिला एक क्रम असतो. कोणी आधी येतो, कोणी नंतर.

सर्वांत आधी माशा येतात. हिरव्या-निळ्या चमकदार माशा वासावरून काही मिनिटांतच कलेवर शोधून काढतात. डोळे, नाक, तोंड आणि जखमा अशा ओलसर जागी त्या अंडी घालतात. उन्हाळ्यात साधारण एका दिवसात अंड्यांतून अळ्या बाहेर पडतात आणि मऊ मांस खाऊ लागतात.

अळ्या वाढू लागल्या, की त्यांना खाणारे भुंगेरे येतात. त्यांत काही काळे, गोल व चकचकीत असतात. काहींचे वरचे पंख इतके आखूड असतात, की अर्धे शरीर उघडेच दिसते. पुढे मऊ मांस संपते. कातडी, केस आणि स्नायूंचे वाळलेले धागे तेवढे उरतात. माशांच्या अळ्यांना हे कोरडे अन्न चालत नाही. आता पाळी येते कातडी खाणाऱ्या भुंगेऱ्यांची.

हा भुंगेरा एक सेंटिमीटरपेक्षाही लहान असतो. त्याची पाठ काळपट आणि पोट पांढरे असते. त्याची अळी तपकिरी व केसाळ असते. तो वाळलेली कातडी खातो. म्हणून चामड्याच्या व्यापाऱ्याला तो शत्रू वाटतो. पण निसर्गविज्ञानाच्या काही संग्रहालयांत हेच भुंगेरे मुद्दाम पाळतात. सांगाड्याला धक्का न लावता ते हाडे स्वच्छ करून देतात! त्यांच्याबरोबर निळा चकचकीत, लाल पायांचा आणखी एक भुंगेरा येतो. हा भुंगेरा जुन्या खोबऱ्यात आणि सुक्या मासळीतही सापडतो.

ज्याला हा क्रम वाचता येतो, त्याला मृत्यू होऊन किती काळ लोटला, याचा अंदाज सांगता येतो. सुरुवातीच्या दिवसांत अळ्यांच्या वाढीवरून हिशेब करतात. बराच काळ उलटून गेला असेल, तर कोणत्या जातीचे कीटक येऊन गेले आणि कोणते अजून आहेत, हे पाहतात. उबदार हवेत कातडी खाणाऱ्या भुंगेऱ्याला अंड्यापासून पूर्ण कीटक होण्यास साधारण पाच ते सात आठवडे लागतात. त्याने टाकलेली कात सापडली, तरी तिच्यावरून काही कळते.

या ज्ञानाने माणसाला न्याय कसा मिळतो, याचे एक जुने उदाहरण पाहू. इ.स. १८५० मध्ये फ्रान्समधील आर्ब्वा या गावी एका घराची दुरुस्ती चालली होती. तेव्हा भिंतीतून एका तान्ह्या बाळाचा वाळलेला देह निघाला. घरात राहणाऱ्या जोडप्यावर संशय आला. बर्जेरे नावाच्या डॉक्टरांनी त्या देहाची तपासणी केली. त्यांना माशीच्या कोशांची रिकामी टरफले आणि पतंगाच्या अळ्या सापडल्या. त्यांवरून त्यांनी मत दिले, की बाळाचा मृत्यू १८४८ साली झाला असावा. ते जोडपे त्या वेळी या घरात राहतच नव्हते! तपास आधीच्या भाडेकरूंकडे वळला. बर्जेरे यांच्या हिशेबातील काही गोष्टी आजच्या ज्ञानानुसार बरोबर नाहीत. तरीही कीटकांना विचारल्याशिवाय कोणाला दोषी ठरवू नये, ही त्यांची दिशा योग्य होती. पुढे १८९४ मध्ये मेन्याँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने उघड्यावरील मृतदेहावर कीटकांच्या आठ टोळ्या क्रमाने येतात, असे पुस्तक लिहून दाखवले.

मग फ्रान्सचा तक्ता घेऊन खानदेशात मृत्यूचा दिवस सांगता येईल का? नाही. कीटकांची वाढ उष्णतेवर अवलंबून असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा कधीकधी ४५ अंशांच्याही वर जातो. अशा कोरड्या उन्हात कातडी लवकर वाळते आणि भुंगेऱ्यांना लवकर आमंत्रण मिळते. तेच कलेवर पावसाळ्यात असेल, तर ते ओले राहते आणि माशांच्या अळ्यांचे राज्य चालते. हिवाळ्यात सगळेच संथ होते. म्हणून प्रत्येक प्रदेशाचा आणि प्रत्येक ऋतूचा वेगळा अभ्यास करावा लागतो. पंजाबमधील पतियाळा येथील शास्त्रज्ञांनी मेलेल्या सशांवर निरनिराळ्या ऋतूंत कोणते कीटक येतात, याची नोंद केली. त्यांचा लेख २००३ साली प्रसिद्ध झाला.

घटनास्थळी हे काम फार काळजीने करावे लागते. काही अळ्या अल्कोहोलमध्ये ठेवतात, म्हणजे त्यांचे वय आहे तेथेच थांबते. काही जिवंत ठेवून वाढवतात, कारण पूर्ण वाढ झाल्यावर जात ओळखणे सोपे जाते. हवेचे तापमान लिहून घेतात. मृतदेहाखालची मातीही चाळून पाहतात.

आपल्या राज्यात गुन्ह्यातील पुराव्यांच्या तपासणीसाठी मुंबईत कलिना येथे न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. नाशिक येथेही अशी प्रयोगशाळा आहे. तज्ज्ञाचे मत न्यायालय विचारात घेऊ शकते. पूर्वी १८७२ च्या कायद्यात ही तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये आहे.

मात्र या साक्षीला मर्यादा आहेत. देह कापडात घट्ट गुंडाळलेला असेल किंवा पुरलेला असेल, तर कीटक उशिरा पोहोचतात. शिवाय कीटक मृत्यूचा काळ सुचवतात, गुन्हेगाराचे नाव सांगत नाहीत. माणूस भीतीने किंवा लालसेने खोटी साक्ष देऊ शकतो. भुंगेऱ्याला भीती नाही आणि लालसाही नाही. पण त्याची साक्ष वाचणारा माणूस चुकला, तर निरपराध माणूस तुरुंगात जाऊ शकतो. म्हणून येथे घाई चालत नाही. तुमच्यापैकी कोणी पुढे प्राणिशास्त्र शिकले, तर आपल्या खानदेशातील उन्हात आणि पावसात कोणता भुंगेरा केव्हा येतो, याची नोंद अवश्य करावी. ती नोंद एखाद्याच्या सुटकेला कारण होईल.

शब्दार्थ
कलेवर – मेलेले शरीर, लाश
साक्ष – गवाही
निरपराध – बेकसूर
तान्हे – दूध पिते (बाळ)
टरफल – वरचे कवच, छिलका
मर्यादा – सीमा, हद

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कलेवरावर सर्वांत आधी कोण येते?
(आ) चामड्याच्या व्यापाऱ्याला कोणता कीटक शत्रू वाटतो?
२. कारणे लिहा.
(अ) काही संग्रहालयांत भुंगेरे मुद्दाम पाळतात.
(आ) फ्रान्सचा तक्ता खानदेशात चालत नाही.
३. आर्ब्वा येथील जोडप्यावरचा संशय कसा दूर झाला, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.
४. वाक्यात उपयोग करा : ये-जा, पाळी येणे, विचारात घेणे.