दोरावरचा प्रवास

डोंगरावर माणसें कशीं चढवावीं हा प्रश्न आपल्या सह्याद्रीइतकाच जुना आहे. पायऱ्या खोदणें, डोली करणें, घाट बांधणें, बोगदा पाडणें, हे त्याचे आजवरचे उपाय होत. आतां त्यांत रज्जुमार्गाची भर पडत आहे. आणि सिंहगड, राजगड ह्यांसारख्या गडांवर तो व्हावा कीं न व्हावा ह्याची चर्चा गेलीं कांहीं वर्षें चालली आहे. आमच्या शिरवळहून महामार्गानें पुण्याकडे निघालें म्हणजे चेलाडीच्या फाट्यावरून राजगडाची वाट फुटते. तेव्हां हा वाद आपल्या अंगणांतलाच म्हणावयास हरकत नाहीं. वर्गांत तो निघाला कीं मुलांचे दोन तट पडतात. एकास पाळण्यांत बसण्याची घाई, दुसऱ्यास पाळण्याची धास्ती. यंत्राची माहिती मात्र दोघांसही बेताचीच असते. म्हणून आधीं यंत्र पाहूं, वाद मग.

दोरानें ओढली जाणारी सगळींच वाहनें एका जातीचीं नसतात. वणीच्या सप्तशृंगगडावर २०१८ सालीं सुरू झालेली गाडी दोरानेंच वर चढते, पण तिची चाकें रुळांवर असतात. अधांतरीं जाणाऱ्या पाळण्यांचे मुख्यतः दोन प्रकार सांगतां येतील. पहिला विहिरीवरील दोन पोहऱ्यांसारखा. कप्पीवरून एकच दोर टाकून त्याच्या दोन्ही टोकांस पोहरे बांधले, तर एक वर येतो तेव्हां दुसरा खालीं जातो. रायगडावर १९९६ सालीं सुरू झालेला रज्जुमार्ग ह्या जातीचा आहे. एका बाजूचे पाळणे वर जात असतां दुसऱ्या बाजूचे खालीं येतात, आणि चौदाशेंच्या वर पायऱ्यांची चढण थोड्या मिनिटांत संपते. येथें विद्यार्थ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. खालीं येणाऱ्या पाळण्याचें वजन वर जाणाऱ्यास मदत करतें. यंत्रास उचलावा लागतो तो केवळ दोहोंच्या वजनांतील फरक, आणि वर घर्षणाचा कर. परंतु ह्या प्रकारास मर्यादा आहे. अंतर दुप्पट केलें कीं फेऱ्या जवळजवळ निम्म्या होतात, व खालीं वाट पाहणाऱ्यांची रांग वाढते.

दुसरा प्रकार रहाटगाडग्यासारखा. माळ एकच, तिला आदि नाहीं कीं अंत नाहीं. एका बाजूनें गाडगीं चढतात, दुसऱ्या बाजूनें उतरतात, आणि रहाट थांबत नाहीं. ह्यासच गोंडोला म्हणतात. हें नांव व्हेनिस शहरांतील होडीचें. पण रहाटाच्या माळेंत गाडगें कायमचें बांधलेलें असतें. दोर दर सेकंदास पांच मीटर धांवत असतां म्हातारीकोतारीं माणसें त्यांत बसावींत कशीं? दोर थांबवावा तर वाटेंतील सारेच पाळणे लटकत राहतील.

ही अडचण एका चिमट्यानें सोडविली आहे. प्रत्येक पाळण्याच्या माथ्यावर स्प्रिंगचा एक भक्कम चिमटा असतो. तो चालता दोर गच्च धरतो. पाळणा स्थानकांत शिरला कीं तेथील एक पट्टी चिमट्याची दांडी दाबून त्याचा जबडा उघडते. दोर आपल्या वेगानें पुढें निघून जातो, आणि पाळणा वरच्या रुळावर येऊन रबरी चाकांच्या रांगेखालून हळूहळू मंद होत जातो, तो इतका कीं चालतां चालतां आंत बसावें. पुढें तशाच चाकांची दुसरी रांग त्याचा वेग वाढवून दोराच्या बरोबरीस आणते, व चिमटा पुन्हां मिटतो. ह्यांतील खरी हुशारी आम्हांस अशी वाटते कीं, चिमटा उघडण्यास बाहेरचा जोर लागतो, धरून राहण्यास लागत नाहीं. वीज गेली म्हणून त्याची पकड सुटत नाहीं.

आतां थोडें गणित. दोराचा वेग सेकंदास ५ मीटर, व दर १२ सेकंदांस एक पाळणा सुटतो असें धरूं. दोन पाळण्यांतील अंतर ६० मीटर झालें. तासांत ३०० पाळणे सुटतील. एकांत दहा माणसें बसलीं तर एका दिशेनें तासास ३००० माणसें जातील. एस. टी. च्या गाडींत ४४ जागा धरल्या, तर एवढ्या माणसांस तासांत ६९ गाड्या, म्हणजे मिनिटास एकीहून अधिक गाडी हवी! शिवाय मार्ग दुप्पट लांब केला तरी पाळण्यांची संख्या वाढवून हाच आंकडा राखतां येतो. पोहऱ्यांच्या प्रकारास तें साधत नाहीं.

ह्याच गुणामुळें गोंडोला डोंगर सोडून सपाटीवरही आला. अमेरिकेंत फ्लॉरिडा येथील डिस्नेच्या विस्तीर्ण विहारस्थानांत दोन उद्यानें व कांहीं विश्रामगृहें जोडणारा असा मार्ग २०१७ सालीं जाहीर झाला. तेथील लोकांत मोठें कुतूहल होतें व तितकीच शंका. कारण तो मुलूख उष्ण, आणि पाळण्यांत हवा थंड करण्याचें यंत्र नव्हतें, वाऱ्याच्या झरोक्यांवरच भिस्त होती. २९ सप्टेंबर २०१९ रोजीं तो सुरू झाला, आणि आठवडाही लोटला नाहीं तोंच ५ ऑक्टोबरला अडून कांहीं तास माणसें वर अडकलीं. पुढें तो सुरळीत झाला. बोलिव्हियांतील ला पाझ शहरांत तर २०१४ पासून कामकरी माणसें बसप्रमाणें पाळण्यानें जातात-येतात. आपल्याकडे २०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पांत ‘पर्वतमाला’ नांवाची योजना मांडली गेली, व वाराणसी येथें कँट स्थानकापासून गोदौलियापर्यंतच्या सुमारें पावणेचार किलोमीटरांच्या मार्गाची पायाभरणी २४ मार्च २०२३ रोजीं झाली.

धास्ती घेणाऱ्या मुलांचा पक्षही अगदींच पोकळ नाहीं. १० एप्रिल २०२२ रोजीं झारखंडांत देवघरजवळ त्रिकूट पर्वतावरील पाळणे अडकले. चाळीसांहून अधिक माणसें दरीवर लोंबकळत राहिलीं. वायुसेनेचीं हेलिकॉप्टरें, लष्कर व गांवकरी ह्यांनीं त्यांस १२ तारखेपर्यंत उतरविलें; तरी तिघांचे प्राण गेले. वीज जाईल तेव्हां डिझेलचें इंजिन, वारा वाढला तर मार्ग थांबविणें, आणि पाळण्यांतून माणूस दोरीनें खालीं उतरविण्याचा नित्य सराव, ह्या तिन्हींविषयीं ज्याचें उत्तर तयार नाहीं त्याच्या पाळण्यांत कोणी बसूं नये, असें आम्ही पालकांस स्पष्ट सांगतों.

परंतु आम्हांस दोरापेक्षां माथ्याची चिंता अधिक वाटते. गर्दी म्हणजे काय हें आपल्या भागास शिकवावयास नको; २५ जानेवारी २००५ रोजीं मांढरदेवच्या डोंगरावरील अरुंद वाटेंत पावणेतीनशेंहून अधिक यात्रेकरू दगावले. कांहीं जण म्हणतात, रज्जुमार्ग झाला म्हणजे गर्दी हटेल. ती वाटेवरून हटेल खरी, पण जाईल कोठें? आपलें मघांचें गणित पुढें चालवा. तासास ३००० माणसें वर येतात व प्रत्येक जण दोन तास थांबतो असें मानलें, तर माथ्यावर एका वेळीं ६००० माणसें उभीं राहतील. पायवाट दमलेल्यांस गाळून वर सोडते. दोर कोणासच गाळीत नाहीं. ह्याची दुसरी बाजू अशी कीं, पाळण्याची जागा मोजलेली असते. वर किती सोडावीं हें खालच्या खिडकीवर ठरवितां येतें. तें ठरविण्याचें धैर्य तिकीट विकणारा दाखवील कीं नाहीं, ही शंका आम्हांस आहे.

आणखी दोन पक्षकार आहेत. ते सभेस येत नाहींत म्हणून त्यांचें नांव येथें काढतों. नाशिकाकडील ब्रह्मगिरी-अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीचीं गिधाडें घरटीं करतात, आणि तेथील नियोजित रज्जुमार्गास निसर्गप्रेमींनीं ह्याचसाठीं हरकत घेतली. दुसरा पक्षकार डोलीवाला. गिरनारावर २४ ऑक्टोबर २०२० रोजीं पाळणे सुरू झाले, त्याच्या आधींच तेथील डोलीवाल्यांस पोटाची चिंता पडली होती. पायऱ्यांच्या कडेस ताक व लिंबूपाणी विकणाऱ्या बायांचेंही तेंच. उलट, ज्या आजीचे गुडघे गेले तिला वरचें देवस्थान किंवा गड पाहण्याचा हक्क नाहीं असें म्हणणारा मनुष्य निर्दय म्हणावा लागेल. म्हणून यात्रेच्या ठिकाणीं आम्ही रज्जुमार्गाच्या बाजूचे आहों. राजगडाविषयीं मात्र आमचें मन अद्याप होत नाहीं. जुलै २०२५ मध्यें जागतिक वारशांत गणला गेलेला तो गड, माथा निमुळता, आणि पाण्यास टाकीं व पद्मावती तळें.

ज्या विद्यार्थ्यांस राजगडच्या सहलीस जावयाचें आहे त्यांनीं त्या तळ्याची लांबी व रुंदी पावलांनीं मोजून आणावी. खोली वर राहणाऱ्या जाणत्या माणसास विचारावी. पाण्यांत उतरूं नये. दर माणशीं दोन लिटर पाणी धरून, रोज सहा हजार माणसें आलीं तर तळें किती दिवस पुरेल, हें उदाहरण गणिताच्या तासास सोडवूं.