घोरणं, मशीन आणि दुकानदार

होस्टेलमध्ये दुसऱ्याच्या घोरण्यावर जोक मारणं हा आपला राष्ट्रीय खेळ आहे. पण घोरता घोरता आवाज एकदम बंद होतो, दहा-पंधरा सेकंद काहीच नाही, आणि मग घुसमटल्यासारखा श्वास परत सुरू होतो, असं रोज होत असेल तर तो जोक नाही. त्याला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया म्हणतात. मऊ स्ट्रॉने घट्ट मिल्कशेक ओढताना स्ट्रॉ चपटा होतो ना? झोपेत घशाचे स्नायू सैल पडले की श्वासनळीच्या वरच्या भागाचं तेच होतं. दर तासाला असे पूर्ण किंवा अर्धवट किती अडथळे येतात तो आकडा म्हणजे एएचआय. 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, 30 च्या वर गंभीर.

यावरचा इलाज इंजिनिअरिंगवाल्यांना आवडेल असा आहे. कॉलिन सलिव्हन या सिडनीच्या डॉक्टरांनी नाकावाटे हवेचा सतत दाब देऊन नळी उघडी ठेवली आणि 1981 साली पाच पेशंटचा अनुभव 'लॅन्सेट'मध्ये छापला. हेच सीपॅप. दाब किती? साधारण 4 ते 20 सेंटिमीटर पाण्याचा. 10 सेंटिमीटर म्हणजे जेमतेम एक किलोपास्कल, वातावरणाच्या दाबाचा एक टक्का! एवढ्याशा दाबाने माणूस नीट झोपतो, हे मला अजूनही ग्रेट वाटतं.

आता मूळ मुद्दा. पावसला आमचे मोठे काका आहेत. हापूसची बाग, आणि सीझनमध्ये स्वतःची पिकअप घेऊन वाशी मार्केट. तीनशे किलोमीटरच्या वर, तेही रात्रीचं. गेल्या वर्षी हातखंब्याच्या पुढे त्यांचा डोळा लागला. शेजारी बसलेल्या गड्याने स्टिअरिंग धरलं म्हणून बरं. तपासणीत एएचआय 38 निघाला. डॉक्टर म्हणाले, मशीन घ्या, आणि तोपर्यंत रात्री गाडी बंद. घरात शिकलेला (म्हणजे गूगल येणारा) मीच, म्हणून दुकानदार शोधायचं काम माझ्यावर आलं.

एका मोठ्या शहरातल्या दुकानात फोन केला. पहिलं वाक्य, "सर, आज बुक केलंत तर डिस्काउंट." रिपोर्ट विचारला नाही, डॉक्टरांची चिठ्ठी विचारली नाही, काकांना मिशी आहे की कवळी तेही नाही. मास्क कोणता, तर "युनिव्हर्सल साइज". मी फोन ठेवला. चप्पलसुद्धा आपण पायात घालून बघून घेतो!

कोल्हापूरचे एक गृहस्थ मात्र आधी रिपोर्ट मागवून स्वतः पावसला आले. तीन मास्क काढले आणि काकांना म्हणाले, "बसून नको, झोपून दाखवा की. कुशीवर पण वळा." बसल्यावर घट्ट बसणारा मास्क कुशीवर वळलं की हवा सोडतो, हे मला तेव्हा कळलं. पंधरा दिवस मशीन भाड्याने दिलं. पहिल्या आठवड्यात काका दोनच तास लावायचे. काकू म्हणायच्या, "अहो, लावा तो हत्तीचा सोंडा!" मशीनमधल्या कार्डाचा डेटा बघितला तर मिशीमुळे लीक. मग नाकपुडीशी टेकणारा छोटा पिलो मास्क दिला, आणि तास सहावर गेले. मशीन लावून एएचआय 4.

तास का महत्त्वाचे? 2016 मध्ये 'सेव्ह' नावाचा मोठा अभ्यास आला, 2717 लोकांचा, सगळे आधीपासून हृदयाचे किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराचे. सीपॅपने त्यांचे पुढचे झटके कमी झालेले दिसले नाहीत, पण सरासरी वापर रात्री फक्त 3.3 तास होता. दिवसाची झोप मात्र तेवढ्यानेही कमी झाली. म्हणजे दुकानदाराचं खरं काम विक्रीनंतर सुरू होतं. त्याला डेटा वाचता येतो का, मास्क बदलून देतो का, हे मी किमतीच्या आधी विचारीन.

सेकंडहँड मशीन स्वस्त मिळतं, पण जून 2021 मध्ये फिलिप्सने लाखो मशीन परत बोलावली हे लक्षात ठेवा. आतला आवाज कमी करणारा फोम झिजून त्याचे कण आणि वायू श्वासात जाण्याची भीती होती. उष्ण आणि दमट हवा, तसंच ओझोनने साफ करणं, यामुळे फोम लवकर खराब होऊ शकतो असंही तेव्हा सांगितलं गेलं. उष्ण आणि दमट म्हणजे आपलं कोकणच की! त्यामुळे सिरियल नंबर तपासल्याशिवाय जुनं मशीन घेऊ नये. आणि दुकानदाराकडे अन्न व औषध प्रशासनाची मेडिकल डिव्हाइस विकण्याची नोंदणी आहे का, तेही बघावं. मी सर्टिफिकेटचा फोटो मागितला, त्यांनी दोन मिनिटांत पाठवला.

राहता राहिली लाइट. मे 2021 च्या तौक्ते वादळात आमच्याकडे खांब आडवे झाले होते, आणि पावसाळ्यात तर ती रोजचीच पाहुणी. हिशोब सोपा आहे. ह्युमिडिफायर बंद असताना 40 वॅट धरले तर आठ तासांना 320 वॅट-अवर. घरच्या इन्व्हर्टरची 12 व्होल्ट 150 अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर 1800 देते. लॉस धरून, पंखा चालवूनसुद्धा रात्र निघते. पावसाळ्यात हवेतच एवढं पाणी की काका ह्युमिडिफायर लावतच नाहीत. उन्हाळ्यात लावतात, तेव्हा डिस्टिल्ड वॉटर, विहिरीचं नाही. तोंडावरचा पूर्ण मास्क घेणाऱ्यांनी एक नक्की विचारा: लाइट गेल्यावर बाहेरची हवा आत घेणारी झडप त्यात आहे का?

फिल्टर मात्र आमच्याकडे पुस्तिकेत लिहिलंय त्याच्या आधीच काळा पडतो. कोल्हापूरवाल्यांनी जूनच्या आधी सहा जास्तीचे पाठवले, आणि बुरशी धरू नये म्हणून नळी कुठे वाळत घालायची तेही फोनवर काकूंना सांगितलं: पडवीत, पण चुलीच्या धुरापासून लांब.