तेवीस मजल्यांचं गणित

माझं गाव लिंबागणेश, जि. बीड. आमच्याकडे घरावर दुसरा मजला चढला की ‘माडी बांधली’ म्हणून गावभर चर्चा होते. मग २३ मजले म्हणजे काय असेल! मुंबईला नरिमन पॉइंटवर एअर इंडियाची इमारत आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. ती कशी उभी राहते, हे आपल्याच अभ्यासक्रमातल्या सूत्रांनी समजून घेऊ.

थोडी ओळख

ही इमारत १९७४ मध्ये पूर्ण झाली. आर्किटेक्ट होते न्यूयॉर्कचे जॉन बर्गी. २०१३ पर्यंत एअर इंडियाचं मुख्यालय इथंच होतं, नंतर ते दिल्लीला गेलं. २०२२ मध्ये विमान कंपनी टाटांकडे गेली, पण इमारत त्या व्यवहारात नव्हती. ती १,६०१ कोटी रुपयांना घेण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये केला. मालक बदलले, सांगाडा तोच!

वजन की वारा?

बहुतेकांना वाटतं, उंच इमारतीची खरी कसोटी म्हणजे वजन. वजन मजल्यांच्या प्रमाणात वाढतं, मजले दुप्पट तर वजन साधारण दुप्पट. पण आडवा वारा असा सरळ हिशेब पाळत नाही. वाऱ्याच्या दृष्टीने टॉवर म्हणजे जमिनीत रोवलेला उभा कॅन्टिलिव्हर बीम. वाऱ्यात डोलणारं ज्वारीचं ताट डोळ्यांसमोर आणा, म्हणजे झालं.

आयएस ८७५ प्रमाणे मुंबईसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर. दाब = ०.६ × वेगाचा वर्ग, म्हणजे सुमारे १,१६० न्यूटन प्रति चौरस मीटर. (कोडमधले बाकीचे गुणांक सोपेपणासाठी बाजूला ठेवू.) मजला साडेतीन मीटरचा धरला तर २३ मजल्यांची उंची होते सुमारे ८० मीटर. आता एक मीटर रुंदीची पट्टी घ्या. एकमजली घराच्या पायथ्याशी मोमेंट येतो ७ किलोन्यूटन-मीटर. २३ मजल्यांना येतो ३,७०० च्या वर! मजले २३ पट, मोमेंट ५२९ पट, कारण सूत्रात उंचीचा वर्ग आहे. डिफ्लेक्शनमध्ये तर उंचीचा चौथा घात. जाडी तीच ठेवली तर टोक पावणेतीन लाख पटींहून जास्त हलेल.

म्हणूनच अशा इमारतींत लिफ्ट आणि जिन्याभोवती काँक्रीटच्या भिंतींचा गाभा करतात, कॉलम-बीमचे सांधे पक्के बांधतात. मटेरियल मध्यापासून जितकं लांब, तितका मोमेंट ऑफ इनर्शिया जास्त. पोकळ बांबू ताठ का राहतो, त्याचं उत्तर हेच.

राहिला पाया. नरिमन पॉइंट म्हणजे समुद्रात भर टाकून केलेली जमीन. भरावावर एवढा भार टाकता येत नाही, तो खालच्या पक्क्या खडकापर्यंत न्यावा लागतो. हा खडकसुद्धा दख्खनच्या लाव्हाचाच, म्हणजे आमच्याकडे विहीर खोदताना लागतो त्याचाच भाऊबंद.

आपल्या गावासाठी काय?

तुम्ही म्हणाल, बीड जिल्ह्यात कोण टॉवर बांधतंय? पण ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवा. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली, ती उंच इमारतींत राहत नव्हती. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, अशी ती बैठी घरं होती. भूकंपाचं बळ वस्तुमानाच्या प्रमाणात येतं. जितकं जड घर, तितका आडवा धक्का मोठा. आणि तो पेलायला भिंती एकमेकींना बांधलेल्याच नव्हत्या.

टॉवरला आडव्या बळाचा हिशेब केल्याशिवाय परवानगी मिळत नाही. माळवदाच्या घराला हा हिशेब कोण करतो? खरं तर उपाय फार महागडे नाहीत. लिंटेलच्या पातळीवर सलग काँक्रीटचा पट्टा, भिंतीच्या दोन्ही बाजू जोडणारे आरपार दगड, कोपऱ्यांची पक्की बांधणी आणि हलकं छत. आयएस १३८२८ मध्ये अशा घरांसाठीच मार्गदर्शन दिलं आहे. पण ते गावच्या गवंड्यापर्यंत कुणी पोहोचवायचं?

मला वाटतं, ते काम आपलं. सुट्टीत गावी गेलात आणि कुठं बांधकाम चालू दिसलं, तर गवंडीमामांशी बोला. आधी त्यांचं ऐका, मग पट्ट्याचं सांगा. नोकरी उद्या एखाद्या कंपनीच्या काचेच्या मुख्यालयात लागेलही, पण २३ मजल्यांना जो नियम लागू, तोच आपल्या आजीच्या घरालाही लागू आहे!