डॉक्सीची गोळी : पाणी भरपूर, दूध-लोह दूर

या वेळी आरोग्याच्या पानावर एकाच औषधाची माहिती देत आहोत. टेट्रासायक्लिन हे त्याच्या कुळाचे नाव, आणि त्या कुळातले आज सर्रास दिले जाणारे औषध म्हणजे डॉक्सीसायक्लिन. वस्तीत त्याला नुसते ‘डॉक्सी’ म्हणतात. सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळते, मेडिकलवर स्वस्त मिळते, आणि म्हणूनच घरोघरी डब्यात उरलेले सापडते.

आपल्या खानदेशाला या औषधाची ओळख एका मोठ्या भीतीतून झाली. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी गाठीचा प्लेग आढळला आणि सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगने माणसे दगावू लागली. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत लूमवर राबणारी आपली कितीतरी माणसे होती. चार-सहा दिवसांत लाखो लोकांनी सुरत सोडली. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव, जळगाव अशी ताप्ती लाइनची स्टेशने परतणाऱ्यांनी भरली. सुरतेच्या दुकानांतून टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल पाहता पाहता संपल्या. ज्याला मिळाल्या त्याने खाल्ल्या, उरल्या त्या गाठोड्यात बांधून आणल्या. प्लेगवर हे औषध चालते, त्यामुळे त्या वेळी ते वाटले गेले यात चूक नव्हती. पण प्लेग गेल्यावरही कॅप्सूल घरात ठेवण्याची सवय मात्र गेली नाही. ताप आला, घे दोन. फोड झाला, फोड कॅप्सूल आणि टाक पूड. आजही हेच चालते.

या कुळातले पहिले औषध १९४८ साली अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेतून आले. ते मातीतल्या जंतूपासून काढले बेंजामिन डुग्गर यांनी, आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आपल्या आंध्रातून गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव. हे नाव मुलांना जरूर सांगा.

डॉक्सी जिवाणूंवर चालते. लेप्टो, स्क्रब टायफस, कॉलरा, जननेंद्रियांचे काही संसर्ग, चेहऱ्यावरचे पिकणारे मुरूम, यांसाठी डॉक्टर ते देतात. सर्दी-पडसे, डेंग्यू, चिकुनगुनिया हे विषाणूंचे आजार. त्यांच्यावर डॉक्सी खाणे म्हणजे नुसता पोटाला त्रास.

आता मुख्य गोष्ट. या औषधाला कॅल्शियम, लोह, जस्त, मॅग्नेशियम यांची फार ओढ असते. पोटात यातले काही भेटले की औषध त्याला घट्ट चिकटते, आणि चिकटलेले औषध आतड्यातून रक्तात शिरत नाही, शौचावाटे निघून जाते. म्हणजे गोळी गिळली, कोर्स केला, आणि अंगाला लागलेच नाही! दूध, दही, ताक, ॲसिडिटीचे पातळ गुलाबी औषध, कॅल्शियमच्या गोळ्या, जुलाबात मुलांना देतात ती झिंकची गोळी, हे सारे यात येते. साध्या टेट्रासायक्लिनला दूध फार बाधते, डॉक्सीला थोडे कमी. पण लोह दोघांनाही बाधते, आणि आमची खरी काळजी इथेच आहे.

कारण आपल्या वस्तीत रक्त कमी असलेल्या बाया घरोघरी आहेत. आशाताई लोहाच्या गोळ्या देतात, शाळेत मुलींना आठवड्याला निळी गोळी मिळते. या गोळ्या चांगल्याच आहेत, त्या घ्यायलाच हव्यात. पण सकाळच्या चहाबरोबर सगळ्या गोळ्या एकदम तोंडात टाकून मोकळे व्हायचे, ही आपल्या बायांची रीत. कामावर जायची घाई असते, दुसरे काय! एखाद्या भगिनीला ओटीपोटात दुखते, अंगावरून वास येणारे पांढरे जाते. सरकारी दवाखान्यात तिला पिवळ्या रंगाचे किट मिळते. त्यात इतर गोळ्यांबरोबर डॉक्सी असते, सकाळ-संध्याकाळ, १४ दिवस. ती किट लाजेने पिठाच्या डब्यामागे लपवते, लोहाची गोळी सोबतच घेते, पाचव्या दिवशी दुखणे कमी झाले की थांबते, आणि नवऱ्याला तर काही सांगतच नाही. संसर्ग आत राहतो. पुढे गर्भनलिका बंद होतात, दोन-तीन वर्षांनी मूल का होत नाही म्हणून तिलाच बोल लावला जातो. म्हणून सासूबाईंनाही आमचे सांगणे आहे : सुनेच्या गोळ्यांची चौकशी जरूर करा, पण संशयाने नको. नवऱ्याचीही तपासणी आणि औषध झाले पाहिजे, नाहीतर तोच संसर्ग परत येतो.

वेळा अशा बसवता येतात. डॉक्सी सकाळी ८ ला आणि रात्री ८ ला. लोहाची गोळी दुपारी १२ ला. दुधाचा चहा डॉक्सीनंतर दोन तासांनी. लोह रक्तातल्या डॉक्सीलाही थोडे ओढून नेते, म्हणून लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सरळ विचारा, ‘कोर्स होईपर्यंत लोहाची गोळी थांबवू का?’ ते हो म्हणाले तर थांबवा आणि कोर्स संपला की परत सुरू करा. डॉक्सी उपाशीपोटी घेतली की मळमळते, तेव्हा भाकर-भाजी खाऊन घ्यायला हरकत नाही. साधे टेट्रासायक्लिन असेल तर मात्र जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तास.

ज्या ओढीमुळे औषध दुधाला चिकटते, त्याच ओढीमुळे ते लहान मुलांच्या घडत्या दातांत आणि हाडांत जाऊन बसते. दात पिवळे-तपकिरी होतात आणि कोणत्याही पेस्टने निघत नाहीत. म्हणून आठ वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बाईला हे घरच्या मनाने कधीही देऊ नये. पाळी चुकली असेल, अंगावर पाजत असाल, तर आधी सांगा. मात्र एक ध्यानात ठेवा. स्क्रब टायफससारख्या आजारात डॉक्टर स्वतः लहान लेकरालाही डॉक्सी देतात, कारण तिथे जीव वाचवायचा असतो. २०१८ साली नागपूर आणि विदर्भात या आजाराने माणसे गेली. गवत-झुडपातल्या बारीक किड्याच्या चाव्याने तो होतो, अंगावर कुठेतरी बिडीचा चटका लागल्यासारखा काळा डाग दिसतो. ताप आणि असा डाग असेल तर तो काख-जांघेत शोधा आणि डॉक्टरांना दाखवा. तिथे ‘दात खराब होतील’ म्हणून औषध नाकारू नका.

गिळण्याची पद्धतही सांगितली पाहिजे. बसून किंवा उभे राहून, मोठा पेलाभर पाण्याबरोबर. घोटभर पाण्यात गिळून लगेच आडवे झाले की कॅप्सूल अन्ननलिकेत अडकते आणि तिथे चट्टा पाडते. मग छातीत जळते, घास उतरत नाही, आणि घरचे समजतात हार्टचे दुखणे आले. रात्रीची गोळी झोपण्याआधी निदान एक तास घ्या.

दुसरे ऊन. भुसावळ-जळगावचे ऊन काय असते ते आम्ही कोणाला सांगावे! डॉक्सी चालू असताना उन्हाने कातडी लवकर भाजते, लाल होते, सोलते. कापूस वेचायला, बांधकामावर जाणाऱ्यांनी पूर्ण बाह्या, रुमाल, टोपी वापरावी. घरात बसा असे सांगणे सोपे आहे, पण रोजंदारी बुडवणे परवडत नाही हे आम्हाला ठाऊक आहे.

उरलेल्या कॅप्सूल फोडून जखमेवर टाकू नका. जखम साबण-पाण्याने धुवा, दवाखान्यात दाखवा, धनुर्वाताचे इंजेक्शन विचारा. बकऱ्या-कोंबड्यांसाठी आणलेली या कुळातली पूडही माणसाने खायची नाही. आणि तारीख संपलेले टेट्रासायक्लिन तर अजिबात नको. १९६३ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी नोंदवले की जुने, बिघडलेले टेट्रासायक्लिन खाल्लेल्यांच्या मूत्रपिंडांना इजा झाली. आपल्या पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात आणि पावसाळी ओलीत औषध लवकर बिघडते. पाकिटावर उभी लाल रेघ असते, तिचा अर्थ चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. डॉक्टरांनी दिले तितके दिवस घेतले तर उरायला नको.

मिरगीच्या गोळ्या, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, मुरुमांवरची आयसोट्रेटिनॉइन चालू असेल तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय डॉक्सी सुरू करू नका. औषध सुरू झाल्यावर जोरात डोके दुखून दोन-दोन दिसू लागले, अंगभर पुरळ उठले, तोंड सुजले किंवा दम लागला, तर पुढची गोळी न घेता थेट सिव्हिलला किंवा धुळ्याच्या हिरे मेडिकलला जा. गोळ्यांचे पाकीट सोबत न्या.

गटार-नाल्यांत उतरणाऱ्या आपल्या भावांसाठी वेगळे सांगतो. उंदराच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टो होतो. मुंबईत दर पावसाळ्यात महापालिका सांगते की पुराच्या पाण्यातून चाललात तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्या. रोजच घाण पाण्यात असणाऱ्यांना डॉक्टर आठवड्याला एकदा, सहा आठवड्यांपर्यंत डॉक्सी देतात. पण गोळी दिली म्हणून गमबूट, हातमोजे द्यायचे टळत नाही. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे गुन्हा आहे. ठेकेदार नुसती पाकिटे वाटत असेल तर त्याला विचारा : कोणत्या डॉक्टरने तपासले, किती आठवडे घ्यायची, आणि बूट कधी मिळणार. उत्तर लेखी मागा.