शोकाचे सात दिवस



ईयोबाची कथा आपण ऐकलेली आहे. त्याच्यावर संकट कोसळले तेव्हा तिघे मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसून राहिले. कोणी चकार शब्द काढला नाही. (पुढे ते बोलू लागले आणि सगळे बिघडले, ही गोष्ट वेगळी!) यहुदी लोकांच्या शोकपद्धतीत ते मौन आजही आहे. दफनानंतर घरची माणसे सात दिवस बुटक्या आसनावर बसतात. या काळाला 'शिवा' म्हणजे 'सात' म्हणतात. भेटायला आलेल्याने आधी बोलायचे नसते. दुःखी माणूस बोलला की मग बोलायचे. पहिले जेवण शेजाऱ्यांनी आणायचे. आपल्याकडेही मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारून भाकरी येते. पण दफनाला झालेली गर्दी चौथ्या दिवशी कुठे असते, हे आपण स्वतःलाच विचारावे.

मृतांसाठी म्हणायची 'कद्दीश' प्रार्थना एकट्याने म्हणता येत नाही. परंपरेने त्यासाठी दहा प्रौढ पुरुष जमावे लागतात. गंमत म्हणजे या प्रार्थनेत मृत्यूचा उल्लेखच नाही, आहे ती फक्त देवाची स्तुती. ज्याच्या तोंडून स्तुती निघणे सर्वात कठीण, त्यानेच ती म्हणायची आणि बाकीच्यांनी 'आमेन' म्हणून त्याला सावरायचे.

आपल्या कोकणातील बेने इस्राएल म्हणजे 'शनवार तेली' यांच्याकडे शतकानुशतके रब्बी नव्हते. तरीही यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक ते पाळत. इ. स. ७० मध्ये मंदिर दुसऱ्यांदा पडले. त्या उपासाला त्यांनी मराठी नाव दिले: 'बिरड्याचा रोजा'. त्यानिमित्त वालाचे बिरडे होई. धर्मगुरूविना हा शोक घराघरांतील साध्या माणसांनी जपला.

२००३ साली रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग आणि पत्नी रिव्का मुंबईत आले. कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये ते येणाऱ्या-जाणाऱ्यांना जेवण आणि आसरा देत. नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात तेथे ते दोघे आणि आणखी चार ओलीस मारले गेले. त्यांच्या मुलाला सांभाळणाऱ्या सँड्रा सॅम्युअल या ख्रिस्ती भगिनी खाली लपून बचावल्या होत्या. सकाळी दोन वर्षांच्या मोशेचा आवाज ऐकून त्या वर गेल्या आणि त्याला उचलून बाहेर पळाल्या. अतिरेकी अजून इमारतीतच होते. अशा वेळी जिना चढणे म्हणजे काय, याचा विचार आपण शांतपणे करावा.

१ डिसेंबरला फोर्टमधील केनेसेथ एलियाहू प्रार्थनामंदिरात शोकसभा झाली. मोशे आईला हाक मारून रडत होता आणि जमलेला समाजही रडला. त्यानंतर सँड्राबाई त्याच्याबरोबर इस्राएलला गेल्या. २०१० साली त्या देशाने त्यांना सन्माननीय नागरिकत्व दिले.

या आठवड्यात कुटुंबात ईयोब २:११-१३ वाचावे आणि अलीकडे दुःख झालेल्या एका घरी जाऊन यावे.