टिपणे सापडावीत म्हणून

कलाशाखेच्या विद्यार्थ्याचे निम्मे भांडवल म्हणजे त्याची टिपणे. पूर्वी ती वह्यांत असत, आता बहुतेकांची मोबाईलवर असतात. एव्हरनोट, गूगल कीप यांसारख्या साधनांत टिपण ठेवणे इतके सोपे झाले आहे, की ते कसे ठेवावे याचा विचारच कोणी करीत नाही. शोधाची चौकट आहे, तीत शब्द टाकला की टिपण पुढे येईल, अशी आपली समजूत. इंग्रजी टिपणांपुरती ती पुष्कळशी खरी आहे. मराठीत ती का फसते आणि त्यावर काय करता येते, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

गेली दोन वर्षे मी आमच्या तालुक्यातील वृद्ध माणसांकडून शेतीतले जुने शब्द गोळा करीत आहे. विहिरींवर पंप बसले आणि मोट गेली. मोटेबरोबर तिचे शब्दही चालले आहेत. ते सांगणारी माणसे ऐंशीच्या पुढची. पुस्तकावरून काढलेले टिपण हरवले तर ग्रंथालयात जाऊन पुन्हा काढता येते. या टिपणांचे तसे नाही. ज्या आजोबांनी शब्द सांगितला ते पुढच्या सुट्टीत भेटतीलच असे नसते.

आता एक टिपण पाहा : ‘नाड्याने मोट वर येते. सोंदूर सोंडेला बांधलेला असतो. विहिरीच्या काठावर थारोळ्यात पाण्याचा लोट पडतो.’ हे टिपण हवे म्हणून मी ‘विहीर’ शब्द टाकते. टिपण येत नाही. ‘पाणी’ टाकते, येत नाही. ‘नाडा’ नाही, ‘थारोळे’ही नाही. वास्तविक चारही गोष्टी त्यात आहेत! परंतु यंत्र अर्थ पाहत नाही, अक्षरांची ओळ जुळवून पाहते. आपल्या भाषेत नामाला प्रत्यय लागण्यापूर्वी त्याचे सामान्यरूप होते : पाणीचे पाण्या, नाडाचे नाड्या, विहीरचे विहिरी. शाळेत व्याकरणाच्या तासाला कंटाळून पाठ केलेली ही गोष्ट येथे अशी आडवी येते. ‘मोट’ आणि ‘सोंदूर’ हे दोन शब्द तेवढे जसेच्या तसे आले आहेत, त्यामुळे त्यांच्यावरून टिपण मिळते. पण जो शब्द आठवत नाही तोच शोधावयाचा असेल तर?

जुन्या पुस्तकांतून उतरवून घेणाऱ्यांना दुसरी अडचण आहे. महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यापूर्वीच्या ग्रंथातील उतारा मुळाबरहुकूम उतरविला (आणि तो तसाच उतरवावयास हवा) तर ‘नांव’ व ‘नाव’, ‘कांहीं’ व ‘काही’ हे यंत्राच्या लेखी निराळे शब्द होतात.

यावर मला सापडलेला उपाय अगदी साधा आहे. मजकूर बोलणाऱ्याच्या तोंडचा जसाच्या तसा ठेवावा, पण टिपणाच्या माथ्यावर एक ओळ आपली लिहावी आणि तीत महत्त्वाचे शब्द प्रथमेच्या एकवचनात, आजच्या लेखनाप्रमाणे मांडावे : ‘मोट, विहीर, पाणी, नाडा, सोंदूर, थारोळे’. त्याच ओळीत गाव आणि तारीख. याला अर्धा मिनिट लागतो. तो लिहिण्याच्या वेळीच द्यावा. वर्षअखेरीस तीनशे टिपणांना माथे लावीत बसण्याइतका उत्साह निदान माझ्यात तरी नाही.

माथा नसलेल्या टिपणांसाठी दुसरी युक्ती. अर्धवट शब्द चालणारे साधन असेल तर पूर्ण शब्द न टाकता त्याचे न बदलणारे अंग टाकावे : ‘पाण’, ‘विह’, ‘थारोळ’. ‘पाण’ घातल्यावर पाणी आणि पाण्याचा ही दोन्ही रूपे येतात. पावसाच्या बाबतीत मात्र हे जमत नाही. ‘पाव’ टाकला की पावसात, पावसाने येतात, सोबत पावशेर आणि पावतीही येते, आणि खुद्द पाऊस तेवढा बाहेर राहतो.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यानेही टिपणवहीची अनुक्रमणिका करण्याची एक पद्धत बसविली होती. ती १६८६ मध्ये प्रथम फ्रेंचमध्ये छापली गेली. मुख्य शब्दाचे आद्याक्षर आणि त्यानंतर येणारा पहिला स्वर एवढ्यावरून तो पानाची जागा ठरवी. आपल्या बाराखडीच्या हे किती जवळ आहे! पा, वि, मो असे रकाने पाडले की लॉकची पद्धत मराठीत जवळजवळ आयतीच तयार होते. कागदी वही वापरणाऱ्या मित्रांनी अवश्य करून पाहावी.

राहिला वर्गवारीचा प्रश्न. एक टिपण बहुधा एकाच वहीत राहू शकते, खुणेच्या चिठ्ठ्या मात्र त्याला अनेक लावता येतात. मोट शेतीत घालावी, की कातडीकामात, की मोटेवरच्या गाण्यांत? म्हणून मी वह्या दोनच ठेवल्या आहेत आणि चिठ्ठ्यांवर भर दिला आहे. पण ‘विहीर’, ‘विहिरी’, ‘विहीरी’ अशा तीन चिठ्ठ्या झाल्या की घोटाळा वाढतोच. येथेही एकवचनाचाच नियम पाळावा. जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलास लुमान याच्या पेट्यांत सुमारे ९०,००० चिठ्ठ्या होत्या, आणि त्याने त्या विषयवार लावल्याच नव्हत्या. प्रत्येकीला कायमचा क्रमांक, आणि एकीवर दुसरीचा क्रमांक. आपल्यालाही ‘थारोळे’च्या टिपणाखाली ‘पाट’च्या टिपणाचे नाव लिहिता येईल.

साधन परक्याचे असते, हेही ध्यानात ठेवावे. एव्हरनोटने डिसेंबर २०२३ मध्ये फुकट वापरणाऱ्यांना ५० टिपणे आणि एक वही अशी मर्यादा घातली. टिपणे बाहेर काढून घेण्याची सोय अशा साधनांत सहसा असते. मी सत्र संपले की सगळी प्रत उतरवून घेते आणि मोटेच्या शब्दांची तर कागदावर छापून विभागाच्या कपाटात ठेवते.