ओळंबा आणि माणूस : गतिमान मानवाकृतीच्या रेखाटनाचा एक पाठ



मी मूळचा इतिहासाचा शिक्षक. कलाशिक्षकाचे पद रिक्त राहिल्यामुळे चित्रकलेचा तासही माझ्याकडे आला आणि मला जे येत नव्हते ते मी तुमच्याबरोबरच शिकत गेलो. त्यांपैकी एक पाठ या स्मरणिकेच्या निमित्ताने लिहून ठेवीत आहे.

एके वर्षी स्मरणचित्राच्या सरावासाठी मी ‘चवदार तळे, २० मार्च १९२७’ हा विषय दिला. सूट परिधान केलेले, एका हातात ग्रंथ आणि दुसऱ्या हाताचे बोट उंचावलेले बाबासाहेब आपल्या वसतिगृहातील जवळजवळ प्रत्येकाला डोळे मिटून काढता येतात. तेच बाबासाहेब पाण्याकडे वाकलेले दाखवायचे म्हटल्यावर मात्र वर्ग थबकला. बहुतेकांनी तोच पुतळा कमरेत मोडून पुढे कलता केला होता. असा माणूस पाणी पिणार नाही, तळ्यात पडेल! दोष मुलांचा नव्हता. आपण सारेच चौथऱ्यावरील स्थिर प्रतिमा पाहत वाढलो आहोत. पण त्या दिवसाचा इतिहास हा हालचालीचा इतिहास आहे. परिषदेतून निघालेली मिरवणूक, तळ्यावर उतरणे, वाकणे, ओंजळ भरणे. ते वाकणे कागदावर खोटे ठरले, तर प्रसंगच हरवतो.

मी मुलांना भिंतीशी उभे केले. टाचा आणि पाठ भिंतीला टेकवून, गुडघे न वाकवता, पायांची बोटे धरावयास सांगितली. एकालाही जमले नाही. कारण साधे आहे. डोके आणि छाती पुढे जाताच नितंब मागे जावे लागतात, तेव्हाच शरीराचा भार पावलांवर राहतो. भिंतीने ते मागे जाणे अडवले होते. तुम्हीही हा प्रयोग करून पाहा. नंतर वाकलेला माणूस काढताना हात आपोआप योग्य जागी जातो.

गवंड्याचा ओळंबा तुम्ही पाहिला आहे. उभ्या माणसाच्या गळ्याच्या खळगीतून असाच एक ओळंबा सोडला आहे, असे समजा. माणूस एका पायावर भार देऊन उभा असेल, तर ही रेषा त्या पायाच्या घोट्याजवळ उतरते. त्या बाजूचा नितंब वर उचलला जातो, खांदा खाली येतो आणि दोन तिरप्या रेषा परस्परांविरुद्ध कलतात. धावणाऱ्याचा ओळंबा जमिनीवरील पावलाच्या पुढे पडतो. तो पडू पाहतो आणि पुढचे पाऊल त्याला सावरते. चित्रातील धावणारा जागीच उभा वाटत असेल, तर चूक बहुधा येथेच असते. उजवा पाय पुढे असताना डावा हात पुढे येतो, हेही विसरू नये. उंची साधारण साडेसात डोकी, हे माप ताठ उभ्या देहाचे. वाकलेल्या देहाला ते लावीत बसू नका.

आता अजिंठ्याकडे वळू. तेथील चित्रकार आधी गेरूच्या लाल रेषेने आकृती बांधीत, रंग त्यानंतर येई. सतराव्या लेण्यातील आकाशगामी आकृत्या नीट पाहा. त्यांना पंख नाहीत. गळ्यातील मोत्यांचे सर एका बाजूला झुलले आहेत, त्यावरूनच गतीची दिशा कळते. सव्विसाव्या लेण्यातील मारविजयाच्या शिल्पात तर गती आणि स्थैर्य शेजारी शेजारी आहेत. भोवती माराचे सैन्य उसळते आहे आणि मध्ये भूमीला बोटांनी स्पर्श करणारे तथागत किंचितही कललेले नाहीत. सहलीत मुले हे शिल्प पाहून न पाहिल्यासारखे करतात आणि निजलेल्या बुद्धांच्या भव्य मूर्तीकडे धावतात, असा माझा अनुभव आहे. मुंबईच्या आर्ट स्कूलचे विद्यार्थी ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली १८७२ पासून कित्येक हंगाम अजिंठ्याला येऊन चित्रांच्या नकला करीत होते. आपण निदान एक दिवस वही घेऊन बसावे.

त्या वर्षीच्या चित्रांत एकच बाबासाहेब पडत नव्हते. एक पाऊल खालच्या पायरीवर, गुडघा दुमडलेला, भार मागच्या पायावर. हात मात्र एक लांब, एक आखूड. काढणाऱ्याला विचारले, “हे कसे सुचले?” तो म्हणाला, “सर, ऊस तोडताना आई अशीच वाकते.” तोवर आईचे चित्र त्याने कधी काढले नव्हते. आई चित्राचा विषय होऊ शकते, असे त्याला कोणी सांगितलेच नव्हते, मीही नाही.

म्हणून या सुट्टीचा अभ्यास असा आहे. घरी, फडावर, वीटभट्टीवर, पाणवठ्यावर काम करणारी माणसे काढा. प्रत्येक चित्राला अर्धा मिनिट, फार तर एक. आधी डोक्यापासून कण्यातून भाराच्या टाचेपर्यंत जाणारी एकच वाकडी रेषा, मग खांद्यांची आणि नितंबांची तिरपी रेषा, मग हातपाय. चेहरा काढू नका. रोज दहा आकृत्या पुरेत. खोडरबर नेऊ नका. एका बाजूने कोरे असलेले कागद वसतिगृहाच्या कार्यालयात ठेवले आहेत.